जुनी गाडी आणि हिशेबाची वही



गेल्या महिन्यात वस्तीतला एक तरुण संध्याकाळी घरी आला. तीन वर्षे कंत्राटावर राबल्यानंतर तो नुकताच नोकरीत कायम झाला आहे. चहापाणी झाले, आईच्या तब्येतीची विचारपूस झाली आणि मग त्याने खिशातून घडी केलेले एक रंगीत पत्रक काढले. म्हणाला, "दादा, चारचाकी घ्यायची म्हणतो. नवी हप्त्यावर घेऊ, की तुमच्यासारखी जुनी घेऊ?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. कपाटातून एक जाड वही आणून त्याच्यापुढे ठेवली. त्या वहीत आमच्या गाडीवर २०१२ पासून झालेला खर्च पैशापैशाने लिहिलेला आहे. कॉमर्स शिकल्याचा आणि कारकुनी केल्याचा हा एक फायदा. कागद टाकवत नाही आणि आकडा लिहिल्याशिवाय झोप लागत नाही. त्या मुलाला जे दाखवले तेच आज आपल्यापुढे मांडतो, कारण हा प्रश्न आता आपल्या पुष्कळ घरांतून विचारला जातो.

आमची गाडी मारुती ८००. पासिंग जून २००६ चे, इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे. एप्रिल २०१२ मध्ये एका निवृत्त शिक्षकाकडून ती ७२,००० रुपयांना घेतली. तेव्हा ती ४१,००० किलोमीटर चाललेली होती. सगळी रक्कम रोख दिली. त्यातली निम्मी पतपेढीत साठवलेली होती आणि निम्मी वडिलांनी त्यांच्या फंडातून दिली.

वडील भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी होते. जन्मभर सायकल चालवली. गाडी दारात आली त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले. वडील धुतलेला सदरा घालून पुढच्या सीटवर बसले आणि "जरा शेडवरून घे" म्हणाले. शेडच्या फाटकासमोर गाडी थांबवली. ते उतरले नाहीत, कोणाशी बोललेही नाहीत. दोन मिनिटे बाहेर पाहिले आणि म्हणाले, "चल." ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणाच्या मालकीचे वाहन नव्हते, त्यांना गाडी म्हणजे काय असते हे मला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ती घेताना आपण हिशेब विसरतो आणि नेमके तेच आपल्याला परवडत नाही. वस्तीतल्या पोरांनी विचारले होते, "काका, लिंबू-मिरची नाही बांधली?" म्हटले, त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी चाकांची हवा तपासू या.

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ साली स्थापन झाली आणि जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने गुडगावच्या कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली. १४ डिसेंबर १९८३ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या गाडीची चावी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. त्यांनी ती गाडी विकली नाही. २०१० साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत ती त्यांच्याकडेच होती. म्हणजे या गाडीचा पहिला मालक हाच एक गाडी दीर्घकाळ वापरणाऱ्यांतला मोठा माणूस म्हणायला हवा. २००० सालानंतर कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणीची पद्धत आली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन कायमचे थांबले. तोवर देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या. उत्पादन बंद होऊनही गाडी चालते याचे कारण हेच. थोड्याफार फरकाने असेच इंजिन ओम्नी आणि अल्टोमध्ये असल्याने सुटे भाग जिल्ह्याच्या गावी सहज मिळतात आणि साधा मिस्त्रीसुद्धा तिला हात घालू शकतो.

आता वहीकडे येऊ. एप्रिल २०१२ ते मार्च २०२५ ही पूर्ण तेरा वर्षे. या काळात गाडी ६२,४०० किलोमीटर चालली. इंधन सोडून झालेला खर्च असा :

विमा — २४,००० रुपये
ऑइल बदलणे व सर्व्हिसिंग — ३९,००० रुपये
टायर, दोन वेळा चारही — १८,८०० रुपये
बॅटरी, चार वेळा — १२,४०० रुपये
मोठ्या दुरुस्त्या — ३८,४०० रुपये
२०२१ चे पासिंग, कर व त्याआधीची डागडुजी — ११,५०० रुपये
पीयूसी, दर सहा महिन्यांनी — २,१०० रुपये

एकूण १,४६,२०० रुपये. गाडीची मूळ किंमत मिळवली की २,१८,२०० रुपये होतात. तेरा वर्षांचे १५६ महिने. महिन्याला साधारण १,४०० रुपये पडले. पेट्रोल ३,९०० लिटर लागले, म्हणजे लिटरला १६ किलोमीटर. त्याचे ३,३५,४०० रुपये झाले. सगळे मिळून ५,५३,६०० रुपये, किलोमीटरला ८ रुपये ८७ पैसे.

त्या मुलाच्या पत्रकाखाली हप्त्याचा आकडा बारीक अक्षरात छापला होता. मी त्याला तो मोठ्या अक्षरात लिहून दाखवला. पाच लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षे मुदत. दरमहा हप्ता १०,३७९ रुपये. साठ हप्त्यांत ६,२२,७४० रुपये भरायचे, त्यातले १,२२,७४० रुपये नुसते व्याज. यात पेट्रोल नाही, विमा नाही आणि सुरुवातीला हातचे भरावे लागणारे पैसे नाहीत. पाच वर्षांनी त्या गाडीला विकत घेतलेली किंमत येत नाही. ज्या घरात महिन्याला तीस हजार येतात, तिथे एक तृतीयांश पगार दारात उभा राहतो. मग मुलीच्या क्लासची फी पुढच्या महिन्यावर जाते.

पण बंधूंनो, एवढ्यावरून "जुनी गाडी स्वस्त" असे कोणी समजू नये. माझ्याच चुकीची एक गोष्ट सांगतो.

२०१६ चा मे महिना. भुसावळचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. शेजारच्या मावशींची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री अकराच्या सुमारास तिला त्रास सुरू झाला. इथल्या डॉक्टरांनी पाहिले आणि जळगावला न्यायला सांगितले. गाडी माझ्याकडे, त्यामुळे कोणी विचारायच्या आधीच मी चावी घेतली. मागे ती मुलगी, तिची आई आणि आमच्या मुलांची आई. नशिराबाद जवळ आले आणि तापमानाचा काटा वर चढला. पुढच्या मिनिटाला बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेतली. हायवेवर अंधार, मागे मुलगी कण्हते आहे आणि मी हातात पाण्याची बाटली घेऊन उभा. जवळपास पाऊण तास गेला. शेवटी एक भाजीचा टेम्पो थांबला. रिकाम्या पोत्यांवर चादर टाकून तिला त्यात झोपवले आणि जळगावला नेले. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. आता ती मुलगी शाळेत जाते आणि मला आजोबा म्हणते. तिने हाक मारली की मला तो पाऊण तास आठवतो.

काय झाले होते? रेडिएटरचा खालचा रबरी पाइप फुटला होता. तो पाइप १८० रुपयांचा. दोन महिन्यांपूर्वीच मिस्त्री चाचांनी बोटाने दाबून दाखवला होता. "साहेब, पाइप फुगलाय. आता उघडलंय तर बदलून घ्या." मी म्हटले, पुढच्या पगाराला बघू. त्या पगाराला दुसरा खर्च निघाला. पाणी निघून गेल्यावर गाडी थोडी जास्त चालवली गेली. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते, ते जास्त तापले की वाकते. १८० रुपये वाचवायला गेलो आणि हेड, गॅस्केट, पाइप मिळून ४,९०० रुपये गेले. पण पैशाचे सोडा. त्या रात्री टेम्पो थांबला नसता तर मी मावशींना काय तोंड दाखवले असते?

त्या रात्रीनंतर दोन गोष्टी केल्या. पहिली, वस्तीत सगळ्यांना सांगून ठेवले की अडल्या वेळी आधी १०८ ला फोन लावायचा. रुग्णवाहिकेची ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, त्या रात्री आम्हाला ती आठवलीही नाही. गाडी तयार ठेवावी, पण भरवसा आधी रुग्णवाहिकेवर ठेवावा. दुसरी, वहीत नवा रकाना आखला. मोडण्याआधी बदलायच्या वस्तूंचा. पाण्याचे पाइप, फॅन बेल्ट, टायमिंग बेल्ट, ब्रेकचे रबर, ब्रेक ऑइल. प्रत्येकापुढे बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि पुढची मुदत. मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. दर रविवारी सकाळी इंजिन थंड असताना कूलंट, ऑइल आणि ब्रेक ऑइलची पातळी बघायची. पाच मिनिटांचे काम आहे. काटा वर जाताना दिसला की गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे आणि गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडायचे नाही. त्यानंतर आजपर्यंत गाडी रस्त्यात उभी राहिलेली नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी सांगतो. गाडी सकाळी थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. चालू करताच निळसर धूर आला तर इंजिन ऑइल पिते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये शिरते आहे, अशी गाडी सोडून द्यावी. पायाखालची मॅट उचलून पत्रा हाताने दाबून पाहावा. इंजिन दुरुस्त होते, पण सडलेला पत्रा पुनःपुन्हा पैसे खातो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागद. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आर.सी.शी स्वतः ताडून पाहावा. जुने कर्ज असेल तर ते आर.सी.वरून उतरले आहे का ते पाहावे. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात, दुसऱ्या आर.टी.ओ.ची गाडी असेल तर ना-हरकत दाखला लागतो. विमाही १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्यावा. आपल्याकडे पुष्कळ व्यवहार नुसत्या स्टॅम्पवर आणि ओळखीवर होतात. घेणारा वर्षानुवर्षे नाव बदलत नाही. यात विकणाराही फसतो. गाडी विकली तरी आर.सी.वर ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केले आहे. स्कूटर विकतानाही हे लक्षात ठेवावे.

विम्याबद्दलही एक शब्द. समोरच्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. १००० सी.सी.पर्यंतच्या खासगी गाडीला त्याचा दर २०२२ साली २,०९४ रुपये ठरला, वर कर. तो कधीही चुकवू नये. एक अपघात झाला आणि विमा नसला तर भरपाईपोटी घर विकायची वेळ येते. जुन्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र घ्यावा की नाही याचा विचार करावा, कारण गाडीची धरलेली किंमतच थोडी असते.

अलीकडे पेट्रोलचाही प्रश्न आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ज्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत त्यांचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी कमी होऊ शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. माझ्या वहीत पूर्वी १७ चा आकडा असायचा, आता १५ पडतो. त्यात गाडीचे वयही आले. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे सरकारनेही मान्य केले आहे. म्हणून इंधनाचे पाइप वर्षातून एकदा तपासावेत. पेट्रोलचा वास आला तर उद्यावर ढकलू नये.

आता घरातला प्रश्न सांगतो. पंधरा वर्षांनंतर पासिंग दर पाच वर्षांनी नव्याने करावे लागते. आमच्या गाडीचे २०२१ ला झाले, तेव्हा मूळ फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमाने वीस वर्षांवरील गाडीला १०,००० झाली. आमची मुदत २०२६ च्या जूनमध्ये संपते. फी, पर्यावरण कर आणि मिस्त्रींनी सांगितलेली डागडुजी मिळून पंचवीस हजारांची तयारी ठेवावी लागेल. खर्च करायचा की गाडी मोडीत काढायची?

घरात यावर बसून बोललो. मी वही उघडली. पंचवीस हजार भागिले साठ महिने, महिन्याला ४१७ रुपये. माझ्या मते प्रश्न सुटला होता. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पप्पा, तुमच्या वहीत एअरबॅगचा रकाना कुठे आहे?"

मी गप्प बसलो. तिचे बरोबर होते. आपल्या देशात नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. आमच्या गाडीत ती नाही आणि घसरण रोखणारे ब्रेकही नाहीत. पत्रा पातळ, वजन कमी. हायवेवर मोठी गाडी आदळली तर ही गाडी माणसाला वाचवू शकत नाही. तेरा वर्षे मी पैशाचा हिशेब लिहिला, या धोक्याला किंमत लावली नाही. मुलांची आई म्हणाली, "मग विका. पण तिच्या कॉलेजच्या पैशाला हात लावून नवी आणायची नाही."

शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवले ते असे. पासिंग करायचे, पण चेसिसला गंज निघाला नाही तरच. गाडी गावात चालवायची आणि जळगावपर्यंत, तेही दिवसा. वेग पन्नासच्या आत. पट्टा बांधल्याशिवाय चावी फिरवायची नाही. लांबचा प्रवास रेल्वेने. भुसावळकरांना गाड्यांची काय कमतरता? एका वर्षात दुरुस्ती वीस हजारांच्या वर गेली की थांबायचे, मग त्यात वडिलांची आठवण आहे म्हणून रडत बसायचे नाही. मोडीत काढताना नोंदणीकृत केंद्रातच द्यायची, ठेव प्रमाणपत्र घ्यायचे आणि आर.सी. रद्द करून घ्यायची. त्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, ती किती ते आर.टी.ओ.त विचारावे. आणि हप्ता आजपासून भरायचा, पण स्वतःलाच. पोस्टात दरमहा तीन हजारांचे आवर्ती खाते उघडले आहे. पाच वर्षांत १,८०,००० रुपये आणि वर व्याज. त्यातून पुढची गाडी घ्यायची, जुनी असली तरी चालेल, पण एअरबॅगवाली.

हे सगळे ऐकून तो तरुण म्हणाला, "दादा, म्हणजे मी काय करू?" मी त्याला विचारले, महिन्यात किती वेळा गाडी लागेल? तो बोटे मोजू लागला. आईला महिन्यातून दोनदा दवाखान्यात, एखादे लग्न, कधी बाजार. म्हटले, मग सध्या रिक्षा कर. माझ्या वहीप्रमाणे गाडीचा खर्च पेट्रोल धरून महिन्याला साडेतीन हजार आहे, तुझी रिक्षा हजारात भागेल. सहा महिने प्रत्येक फेरीचा खर्च लिही. आकडा तीन हजारांच्या वर गेला तर ये, आपण दोघे मिळून मिस्त्री चाचांना घेऊन गाडी बघायला जाऊ.

त्याचा चेहरा जरा पडला. पत्रक घडी करून त्याने खिशात ठेवले. निघताना मात्र दारात थांबून त्याने विचारले, "दादा, अशी वही कुठे मिळते?" घरात एक कोरी वही पडलेली होती. ती त्याला दिली.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी, स्कूटर किंवा रिक्षा आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढेच करावे. आर.सी., विमा आणि पीयूसी बाहेर काढून तिन्हींच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहाव्यात आणि तो कागद कॅलेंडरला टाचावा. पासिंगचा अर्ज मुदतीच्या आधी साठ दिवसांत करता येतो. आणि मिस्त्रीने एखादा पाइप बदला म्हटले, तर तो त्याच दिवशी बदलावा.